दिवाळीचा बदाम: कॅलिफोर्निया, ऑस्ट्रेलिया की काबूल?

दिवाळीच्या भेटीच्या डब्यांसाठी पाच-दहा क्विंटल बदाम उचलायचे असतील, तर वाशीच्या मसाला मार्केटमध्ये शिरल्या शिरल्या आपण भाव विचारतो. मी म्हणेन, आधी देश ठरवा. बदामाच्या भावात पिकाइतकाच सरकारांच्या रुसव्याफुगव्यांचा वाटा असतो.

कॅलिफोर्नियाची जमेची बाजू उघड आहे. जगातला जवळपास 80 टक्के बदाम एकट्या त्या राज्यात पिकतो. नॉनपरेल जात घ्या, कार्मेल घ्या, हवा तो आकार बाराही महिने मिळतो. पण अमेरिकेला चिमटा काढायचा झाला की सगळ्यांना आधी हाच बदाम आठवतो. 2018 मध्ये ट्रम्प यांनी पोलादावर 25 आणि अ‍ॅल्युमिनियमवर 10 टक्के शुल्क लावलं. चीनने एप्रिलमध्येच अमेरिकी सुक्यामेव्यावर 15 टक्के जादा शुल्क ठोकलं. भारतानेही जादा शुल्क लावायच्या अमेरिकी मालाची यादी केली, पण वर्षभर तारीख पुढे ढकलत राहिला. 5 जून 2019 ला अमेरिकेने आपली जीएसपी सवलत (विकसनशील देशांच्या मालाला मिळणारी शुल्कमाफी) काढून घेतली, तेव्हा 16 जूनला यादी लागू झाली. सोललेल्या बदामावरचं शुल्क किलोला 100 रुपयांवरून 120 वर गेलं. भांडण पोलादाचं, दंड बदामाला! तो सुटायला सप्टेंबर 2023 उजाडला, म्हणजे बायडेन जी-20 साठी दिल्लीत उतरण्याच्या जेमतेम काही दिवस आधी.

ऑस्ट्रेलियाची गोष्ट याच्या उलट. मरे नदीच्या खोऱ्यातल्या बागा कॅलिफोर्नियापुढे लहान, पण तिथल्या सरकारने भारताशी करार करून घेतला. तो 29 डिसेंबर 2022 पासून लागू आहे. त्यानुसार वर्षाला 34,000 टनांपर्यंत बदाम निम्म्या शुल्कात येतो: सोललेला किलोला 50 रुपये, टरफलासकट 17 रुपये 50 पैसे. अमेरिकी मालाला जादा शुल्क उठल्यावरही हेच आकडे 100 आणि 35 राहिले.

हा फरक तुमच्या खिशापर्यंत किती पोचतो? आपल्याकडे बराचसा माल टरफलासकट येतो आणि इथे फोडला जातो. 100 किलोतून 70 किलो गर निघाला असं धरलं, तर किलोभर गरावर कॅलिफोर्नियाचं शुल्क 50 रुपये पडतं, ऑस्ट्रेलियाचं 25. हे 25 रुपये पुरते तुम्हाला मिळतील असं समजू नका, आयातदार आणि दलाल आपापला वाटा ठेवतातच. शिवाय कोटा संपला की पुन्हा पूर्ण शुल्क.

माझं मत ऑस्ट्रेलियाकडे झुकतं ते मात्र हंगामामुळे. दक्षिण गोलार्धात बदाम फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये उतरतो, त्यामुळे गणपतीच्या सुमाराला इथे नवा माल असतो. कॅलिफोर्नियाची काढणी ऑगस्टला सुरू होते. दिवाळी लवकर आली तर त्यांचा नवा बदाम अजून जहाजातच, आणि आपल्या हाती गेल्या वर्षीचा. खवट निघण्याची भीती अशाच मालाची.

काबूलकडचा मामरा जातीचा बदाम या दोघांच्या रांगेत बसत नाही. लहान, वाकडा, तेलाने भरलेला आणि कितीतरी महाग. साफ्टा या दक्षिण आशियाई देशांच्या मुक्त व्यापार करारात अफगाण मालाला शुल्काची सवलत आहे, पण अडचण रस्त्याची आहे. पाकिस्तानची वाट भरवशाची नाही म्हणून जून 2017 मध्ये काबूल-दिल्ली हवाई मालवाहतूक सुरू केली गेली. पहलगामच्या हल्ल्यानंतर, एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तान सीमेवरचं अटारी नाकं बंद झालं. मे महिन्यात जयशंकर आणि तालिबानचे परराष्ट्रमंत्री मुत्तकी यांचं फोनवर बोलणं झालं आणि पाठोपाठ अडकलेले 160 अफगाण ट्रक आत सोडले गेले. त्यांत सुकामेवाही होता. ज्या सरकारला आपण मान्यता दिलेली नव्हती, त्याच्याशी संबंध राखायला तो उपयोगी पडला. पण अशा मालावर दिवाळीच्या शंभर डब्यांची ऑर्डर घेऊ नका. खास गिऱ्हाइकांपुरता पाच-दहा किलो पुरे.

उरलेल्या मालात मी दोन भाग ऑस्ट्रेलिया आणि एक भाग कॅलिफोर्निया घेईन. दिवाळी नोव्हेंबरात असेल तर प्रमाण उलटं. सौदा करताना पीक कोणत्या वर्षाचं ते पोत्यावर बघून घ्या, आणि ऑस्ट्रेलियाचा माल कोट्यातला आहे का तेही विचारा. नसेल, तर दर कमी करून मागायला लाजू नका.