पंधरा मिनिटांनी झोपणारं मीटर आणि बाबांची पद्मिनी: आठ महिन्यांनंतर

काल माझ्या मल्टिमीटरच्या लाल प्रोबची (मोजायला टेकवायच्या टोकाची) वायर मुळाशी तुटली, म्हणून हा अभिप्राय लिहायला बसलो. नाहीतर आळसात वर्ष गेलं असतं.

मीटर तेच, पिवळ्या रबरी कव्हरचं डिजिटल मल्टिमीटर, जे दहा वेगवेगळ्या नावांनी विकलं जातं. माझ्या मीटरवर कोणाचं नाव छापलंय याला अर्थ नाही. गेल्या मे महिन्यात ८४९ रुपयांना घेतलं. व्होल्ट, अँपिअर, ओहम मोजणारं नेहमीचं यंत्र. मी घेतलं ते एकाच कामासाठी: बाबांच्या १९८९ च्या प्रीमियर पद्मिनीला झालेलं भूत उतरवायला.

भूत असं. गाडी सकाळी एका सेल्फमध्ये चालू. वीस-पंचवीस मिनिटं लोण्यासारखी. मग आधी एक उचकी, मग दोन, आणि वर्धा रोडवर खापरीच्या अलीकडे बंद. वीस मिनिटं थांबा, पुन्हा काही झालंच नाही अशी चालू. नागपुरात मे महिन्यात अशी गाडी बंद पडली की रस्त्यावरचा प्रत्येक माणूस डॉक्टर होतो. "पेट्रोल उकळून राह्यलं जी, पंपावर ओला दुपट्टा टाका." टाकला. दुपट्टा वाळला, गाडी बंदच. शिवाय हेच नाटक तिने आदल्या जानेवारीतही केलं होतं, तेव्हा पेट्रोल काय उकळणार?

घाट रोडवर तीन मिस्त्री झाले. पहिल्याने सीबी पॉइंट (कॉइलचा प्रवाह सतत जोडणारे-तोडणारे संपर्क) आणि कंडेन्सर बदलला. दुसऱ्याने डेल्कोचं (प्रत्येक प्लगला पाळीने स्पार्क वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं) झाकण, रोटर, चारही प्लग आणि एचटी, म्हणजे प्लगला जाणाऱ्या हाय टेन्शन वायरी. तिसऱ्याने बोट ठेवलं स्पार्कसाठी व्होल्ट वाढवणाऱ्या कॉइलवर: "कॉइल गरम होऊन राह्यली, हात लावून पाहा." लावला, गरम होती. पण मे महिन्यात बॉनेटखाली गार काय असतं? तरी कॉइल बदलली. सगळे मिळून ४,७०० रुपये, मजुरी वेगळी. जुने सुटे भाग मी प्लास्टिकच्या डब्यात ठेवलेत. आता खात्री आहे की त्यातला एकही खराब नव्हता. तो डबा दिसला की माझं रक्त अजून तापतं.

तिसऱ्या मिस्त्रीने खरं तर बरोबर दिशा पकडली होती. बॅटरीवरून एक वायर थेट कॉइलला लावून गाडी 'डायरेक्ट' करून पाहिली. दहा मिनिटं चालवली, बंद पडली नाही. पण दहा मिनिटांत ती तशीही कधी पडत नव्हती, म्हणून त्यातून काहीच सिद्ध झालं नाही आणि वायर काढून टाकली. पंचवीस मिनिटं थांबायला कोणाकडे वेळ होता!

तर मीटर आलं आणि पहिल्याच दिवशी मी त्याला मनातल्या मनात एक तारा दिला.

कारण बीप. गाडी बंद, गार. मी वायरी एकेक करून तपासत गेलो, प्रत्येक ठिकाणी मीटर बीप करून म्हणतं, ठीक आहे. किल्लीच्या स्विचपासून कॉइलपर्यंत बीप. आकडा ०.४ ओहम (ओहम म्हणजे प्रवाहाला होणाऱ्या अडथळ्याचं माप), त्यातला ०.३ तर प्रोबच्या वायरींचाच. मी खूश. दोन दिवस मी त्या बीपच्या भरवशावर दुसरीकडेच शोधत राहिलो. नंतर कळलं की अशी मीटरं साधारण तीस-पन्नास ओहमच्या खाली काहीही असलं तरी बीप करतात. पद्मिनीच्या कॉइलचं प्रायमरी वाइंडिंगच (बॅटरीचा प्रवाह जातो ते वेटोळं) तीन ओहमच्या आसपास असतं. म्हणजे वायरीत दीड ओहमचा अडथळा आला तरी कॉइलचा प्रवाह एक तृतीयांश घटतो, आणि मीटर मात्र आनंदाने ओरडत राहतं. वायर अखंड आहे, एवढंच त्या आवाजाने कळतं. ती चांगली आहे की नाही, ते कळत नाही.

तेव्हा रस्ता बदलला. प्रवाह वाहत असताना किती व्होल्ट गळतात ते मोजायचं. लाल प्रोब बॅटरीच्या प्लसवर, काळा कॉइलच्या प्लसवर. मीटर जे दाखवेल ते वाटेत हरवलेलं. नीट गाडीत पूर्ण वाटेवर अर्ध्या व्होल्टच्या आत असावं. दोन मगरचिमटे, पाच-पाच मीटर वायर, बॉनेटच्या फटीतून खिडकीत. मीटर बाबांच्या मांडीवर. बाबा ७८ वर्षांचे, चष्मा कपाळावर, हाऊजीचे नंबर सांगावेत तसे आकडे सांगत. आकडे आधी नुसते नाचत होते. इग्निशनच्या ठिणग्यांमुळे होणारी विजेची गडबड स्वस्त मीटरला सोसत नाही. वायरी एकमेकींना पिळून एचटी वायरींपासून लांब नेल्या, मग शांत झाले.

"शून्य सहा." म्हणजे ०.६ व्होल्ट.

धरमपेठेतून निघालो. अजनीपाशी "शून्य नऊ". छत्रपती चौकात "एक दोन". माझे हात स्टिअरिंगवर घामेजले, उकाड्याने नव्हे. पुढे आकडा चढणार, हे कळत होतं. आणि मग बाबा म्हणाले, "तुझं मीटर झोपलं."

पंधरा मिनिटं. कोणतंही बटण दाबलं नाही की हे यंत्र पंधरा मिनिटांनी स्वतःहून बंद होतं. झोपण्याआधी एक बारीक आवाज करतं म्हणे. पद्मिनीत बसून तो ऐकणारा माणूस मला दाखवा. मी गाडी बाजूला घेतली, चकती फिरवून मीटर चालू केलं. तेवढ्यात गाडी दोन मिनिटं बंद राहिली आणि भूत निवायला लागलं. पुन्हा सुरुवातीपासून. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी बाबांना दर दहा मिनिटांनी चकती फिरवायला सांगितलं, तर त्यांनी ती ओहमवर नेली. मी त्या दिवशी काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. पंचवीस मिनिटांनी येणारा दोष आणि पंधरा मिनिटांनी झोपणारं मीटर. ज्याने ही पंधरा मिनिटं ठरवली, त्याने आयुष्यात कधी गाडी दुरुस्त केली नसणार. घरातल्या प्लगमध्ये प्रोब खुपसून "हो, येतंय करंट" म्हणणाऱ्यांसाठी ठीक आहे. शेवटी एका रात्री भिंग घेऊन डब्यातला तांदळाएवढ्या अक्षरांचा कागद वाचला. सिलेक्ट बटण दाबून धरायचं आणि मगच चकती फिरवायची, की पडद्यावरचं छोटं चिन्ह जातं आणि मीटर जागं राहतं. म्हणजे सोय आहे! फक्त लक्षात राहत नाही, दरवेळी पुन्हा दाबावं लागतं. तीन दिवसांचं पेट्रोल मी या एका बटणासाठी जाळलं.

त्या दिवशी निघालो तेव्हा "शून्य सहा", छत्रपती चौकात "एक चार", विमानतळाच्या पुढे "दोन सहा" आणि पहिली उचकी. पॉइंट सतत उघडझाप करत असतात, म्हणून मीटर सरासरी दाखवतं. खरी गळती त्याहून जास्त. खापरीच्या अलीकडे बंद. बाबा ओरडले, "चालू ठेव किल्ली!" त्यांना बरोबर कळलं होतं. किल्ली चालू, पॉइंट नशिबाने मिटलेले, म्हणजे कॉइलमधून प्रवाह वाहतच होता, मी प्रोब घेऊन धावलो. (असं मिनिटभराच्या वर ठेवू नका, कॉइल भाजते.) बॅटरी ते किल्लीच्या स्विचची आत येणारी वायर: ०.१. बाहेर जाणारी: ०.३. कॉइलचा प्लस: ४.१. म्हणजे किल्ली आणि कॉइल यांच्या मधल्या दीड मीटर वायरीत ३.८ व्होल्ट गायब. कॉइलला बारापैकी आठ. प्रवाह एक तृतीयांश घटला की स्पार्कची ताकद निम्म्याच्याही खाली जाते, कारण ती प्रवाहाच्या वर्गावर चालते.

ती वायर कुठे जाते ते बघायला डॅशबोर्डखाली डोकं घातलं. काळ्या चिकटपट्टीत गुंडाळलेली वायर ॲशट्रेच्या मागे, तिथून खाली, आणि तिथे एक छोटा टॉगल स्विच. तो मी लहानपणापासून पाहिलाय. मला वाटायचं कधीकाळच्या फॉग लाइटचा असेल. हात लावला आणि बोट भाजलं. ३.८ व्होल्ट आणि पावणेतीन अँपिअर म्हणजे दहा वॅटच्या वर. २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नची जवळजवळ निम्मी उष्णता त्या बोटभर स्विचमध्ये. तापला की आतला काळवंडलेला संपर्क आणखी बिघडायचा, बिघडला की आणखी तापायचा. वीस मिनिटं थांबलं की गार. गाडीचा तो स्वभाव नव्हताच.

"अरे, तो चोर स्विच!" बाबा म्हणाले. "मीच बसवला होता. आपल्या गल्लीतली एक फियाट रात्रीतून गेली होती तेव्हा."

मी त्यांच्याकडे नुसता पाहत राहिलो. तीन मिस्त्री, ४,७०० रुपये, पाच महिने. हा माणूस प्रत्येक वेळी शेजारच्या सीटवर बसलेला होता.

"मग सांगितलं काऊन नाही?"

"कोणी विचारलं का मला?"

स्विच बाजूला करून वायर सरळ जोडली, गळती ०.३ वर आली. त्यानंतर गाडी एकदाही बंद पडली नाही. जूनच्या उकाड्यात रामटेकपर्यंत जाऊन आलो. खर्च: वायरीचा तुकडा आणि चिकटपट्टी.

त्या आठवड्यात मी मीटरला चार तारे दिले असते, पावसाळ्यात तीन. झोप बंद केलेलं मीटर एकदा विसरून चालूच राहिलं आणि दोन्ही पेन्सिल सेल मेले. तेव्हा कुठे त्या पंधरा मिनिटांचं कारण मला पटलं, मनाविरुद्ध. डिसेंबरच्या थंडीत प्रोबच्या वायरी वाळलेल्या दोडक्याच्या वेलासारख्या ताठ झाल्या आणि काल त्यातली एक तुटली. बाकी मीटरचा आकडा विश्वासाचा निघाला. ओळखीच्या रेडिओ मेकॅनिकच्या भारी मीटरशी ताडून पाहिला, फरक शेवटच्या अंकातला. पडद्याला लाइट आहे, पण तोही दहा सेकंदांत विझतो. या कंपनीला उजेडाचं आणि जागरणाचं काय वावडं आहे कळत नाही. आणि हो, प्लगच्या एचटी वायरीला प्रोब लावू नका, हजारो व्होल्ट असतात तिथे. एका हुशार माणसाने माझ्या डोळ्यांदेखत लावला, त्याचं मीटर आता कायमचं झोपलंय.

नुसता अंदाज घ्यायचा असेल तर मीटरचीही गरज नाही, हे मला उशिरा कळलं. इंडिकेटरचा २१ वॅटचा दिवा, दोन वायरी, वीस रुपयांत काम. कॉइलच्या प्लसला लावा. बॅटरीवर झगझगीत आणि तिथे पिवळट दिसला की समजा वाटेत कोणीतरी व्होल्ट खातंय. बीपपेक्षा हा दिवा कितीतरी प्रामाणिक, कारण तो स्वतः प्रवाह ओढतो. आधी कळलं असतं तर ८४९ वाचले असते. पण मग आकडा मिळाला नसता, आणि आकड्याशिवाय बाबांनी स्विचची कबुली दिली असती असं वाटत नाही.

नवे प्रोब दीडशे-दोनशेत मिळतात, सिलिकॉन वायरीचे. ते मागवलेत. बाबांना चोर स्विच परत हवाय. फियाट चोरणारे आता राहिले कुठे, हे त्यांना पटत नाही. यावेळी रिले (थोड्या प्रवाहावर चालून मोठा प्रवाह जोडणारा स्विच) लावून देणार आहे, म्हणजे स्विचमधून जेमतेम पाव अँपिअरही जाणार नाही. कुठे बसवायचा ते त्यांनी ठरवलंय, मला अजून सांगितलेलं नाही.