टॉर्च पॅनल : दहा चाचण्यांपैकी टॉक्सोच्या दोनच

टॉक्सोप्लाझ्मोसिस (थोडक्यात टॉक्सो) या परजीवीमुळे होणाऱ्या आजाराची शंका आली की लॅबच्या यादीत पहिलं नाव दिसतं ते टॉर्च पॅनलचं, म्हणजे गर्भाला बाधू शकणाऱ्या काही संसर्गांच्या एकत्रित तपासणीचं. एकाच रक्तात दहा चाचण्या, त्यामुळे घेणाऱ्याला वाटतं की सगळंच तपासून झालं. आमचं मत सुरुवातीलाच सांगतो : लक्षणं पाहून टॉक्सो शोधायचा असेल तर हे पॅनल घेऊ नका. टॉक्सोच्या सुट्या आयजीजी आणि आयजीएम (संसर्गाविरुद्ध रक्तात तयार होणाऱ्या दोन प्रकारच्या प्रतिपिंडांच्या चाचण्या) मागा, आणि गरज पडली तर त्याच नमुन्यावर एव्हिडिटी (संसर्ग जुना आहे का हे ओळखायला मदत करणारी चाचणी) करता येईल का, हे रक्त देण्याआधी विचारून घ्या.

दहाच्या पॅनलमध्ये टॉक्सो आणि रुबेला, सायटोमेगॅलो व हर्पिसचे दोन प्रकार हे विषाणू, प्रत्येकाची आयजीजी आणि आयजीएम असते. आठच्या पॅनलमध्ये हर्पिसचे दोन्ही प्रकार एकत्र तपासतात. म्हणजे टॉक्सोच्या वाट्याला दोनच आकडे येतात. बाकीच्या आकड्यांपैकी एखादी आयजीजी पॉझिटिव्ह येणारच, कारण सायटोमेगॅलो आणि हर्पिसचा पहिला प्रकार आपल्याकडे बहुतेकांना आयुष्यात कधीतरी होऊन गेलेला असतो. रिपोर्टवर ती ओळ ठळक अक्षरांत छापून येते आणि माणूस विनाकारण हादरतो.

मुळात तपासणी कुणी करावी? धडधाकट माणसात या परजीवीचा संसर्ग झाला तरी दहापैकी आठ-नऊ जणांना काहीच जाणवत नाही. ज्यांना जाणवतं त्यांची मुख्य खूण मानेतली गाठ. बहुतेकदा मानेच्या मागच्या किंवा बाजूच्या भागात, सहसा 3 सेंटिमीटरपेक्षा लहान, बोटाखाली सुटी लागणारी, न पिकणारी. पायाला जखम झाल्यावर जांघेत अवधाण येतं ते ठणकतं; ही गाठ बहुधा दुखत नाही किंवा दाबल्यावर थोडीशीच दुखते. सोबत बारीक ताप, अंगदुखी, डोकेदुखी, आणि आठवडेच्या आठवडे न हटणारा थकवा. ताप उतरला तरी गाठ काही आठवडे, कधी काही महिने राहते. संसर्ग झाल्यावर एक ते तीन आठवड्यांत हे सुरू होतं. म्हणून डॉक्टरांना मागच्या महिन्याचा तपशील द्या : आतून गुलाबी राहिलेला कबाब, न उकळलेलं शेळीचं दूध, नीट न धुतलेली कोशिंबीर, मांजरीची विष्ठा असलेल्या मातीत हातमोज्यांशिवाय केलेलं काम. कुकरच्या शिट्ट्या होऊन रटरटलेल्या मटणातून हा आजार होत नाही, त्या उष्णतेत परजीवी मरतो.

आपल्याकडे मानेत गाठ आली की आधी क्षयरोगाचा विचार होतो, आणि तो व्हायलाच हवा. क्षयाच्या गाठी एकमेकींना चिकटतात, कालांतराने मऊ पडून फुटू शकतात. वजन घटतं, रात्री घाम येतो. लिम्फोमाची (लसिका ग्रंथींच्या कर्करोगाची) गाठ रबरासारखी लागते आणि वाढत राहते. पण हाताने चाचपून यातलं काहीच पक्कं ठरत नाही. अशा वेळी टॉक्सोची सुटी तपासणी गाठीतून सुईने पेशी घेऊन केलेल्या तपासणीच्या जोडीला खरोखर कामाला येते. लक्षणं सुरू होऊन दोन-तीन आठवडे उलटूनही आयजीजी आणि आयजीएम दोन्ही निगेटिव्ह असतील, तर गाठीचं कारण दुसरीकडे शोधायचं. गाठ चार आठवड्यांत कमी झाली नाही, वाढली किंवा कॉलरच्या हाडावर असली, तर टॉक्सोचा रिपोर्ट काहीही असो, बायोप्सी टाळू नका.

आता या तपासणीची सगळ्यात कच्ची बाजू : आयजीएम. ही प्रतिपिंडं संसर्गानंतर साधारण आठवड्याभरात दिसतात, पण जाताना वेळ लावतात. काही महिने, कधी वर्षाहूनही जास्त. त्यात खोटी पॉझिटिव्हही येते. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने 1997 मध्येच बाजारातल्या टॉक्सो आयजीएम किटच्या मर्यादांबद्दल डॉक्टरांना जाहीर सूचना दिली होती : एकट्या आयजीएमवर ताजा संसर्ग ठरवू नका. समजा, रिपोर्टवर मर्यादा 1.0 आहे आणि आकडा 1.2 आला. छापील शेरा ‘पॉझिटिव्ह’ असेल, पण या आकड्याचा अर्थ शेजारच्या आयजीजीशिवाय लागत नाही. आयजीजी निगेटिव्ह असेल तर एकतर संसर्ग अगदी नवा आहे किंवा आयजीएम खोटी आहे. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त द्यायचं. तेव्हाही आयजीजी उगवली नाही तर पहिली आयजीएम खोटी होती. आयजीजी पॉझिटिव्ह आणि आयजीएम निगेटिव्ह म्हणजे बहुतेक वेळा जुना, होऊन गेलेला संसर्ग. आयजीजी जन्मभर राहते. दोन्ही पॉझिटिव्ह असतील तरच प्रश्न खरा अडतो आणि तो एव्हिडिटीने सुटू शकतो.

एव्हिडिटी म्हणजे आयजीजी परजीवीच्या प्रथिनाला किती घट्ट धरते याचं माप. जुनी आयजीजी घट्ट धरते. एव्हिडिटी जास्त आली तर संसर्ग गेल्या चार महिन्यांतला नाही, हे ठामपणे म्हणता येतं. कमी आली तर उलट निष्कर्ष काढता येत नाही, कारण काहींची एव्हिडिटी महिनोन् महिने कमीच राहते. गरोदर बाईसाठी यातली वेळ फार मोलाची आहे. बाराव्या आठवड्यातल्या रक्तात एव्हिडिटी जास्त असेल तर संसर्ग गर्भ राहण्याआधीचा, आणि प्रकृती चांगली असलेल्या बाईच्या बाळाला त्यापासून जवळपास धोका नाही. हीच तपासणी चोविसाव्या आठवड्यात केली तर पहिल्या दोन महिन्यांत काय झालं, याचं उत्तर मिळत नाही. म्हणून ‘सातव्या महिन्यात करू’ असं कुणी म्हणालं तर थांबू नका.

गरोदरपणात ताजा संसर्ग झालाच, तर तो बाळापर्यंत पोहोचण्याची शक्यता महिन्यागणिक वाढते, पण बाळाची हानी जास्त गंभीर होते ती सुरुवातीच्या महिन्यांतल्या संसर्गाने. फ्रान्समध्ये टॉक्सोची प्रतिपिंडं नसलेल्या गरोदर बायकांची 1992 पासून दरमहा तपासणी होते. आपल्याकडे एकदाच पॅनल करतात आणि निगेटिव्ह आलं की विषय संपतो, पण निगेटिव्ह बाईलाच पुढचे सगळे महिने जपायचं असतं. एका पॉझिटिव्ह आयजीएमवर गर्भपाताचा निर्णय मात्र कुणीही घेऊ नये. आधी एव्हिडिटी, मग तज्ज्ञांच्या सल्ल्याने गर्भजलाची पीसीआर (परजीवीचा डीएनए शोधणारी चाचणी), तीही अठराव्या आठवड्यानंतर आणि संसर्गाला किमान चार आठवडे झाल्यावर.

वारंवार गर्भपात होतात म्हणून टॉर्च करण्याची पद्धत अजून चालू आहे. ती बंद व्हायला हवी. जुना टॉक्सो पुन्हापुन्हा गर्भ पाडत नाही. त्या बाईच्या पैशांची आणि आशेची गरज थायरॉइड, फॉस्फोलिपिड प्रतिपिंडं (रक्तात गुठळ्या करणारी) आणि गर्भाशयाची सोनोग्राफी यांना जास्त आहे.

डोळ्याच्या तक्रारीत रक्ततपासणीला दुय्यम गुण. एका डोळ्यापुढे काळे ठिपके तरंगणं, धुक्यातून पाहिल्यासारखं दिसणं, उजेड सहन न होणं, ही लक्षणं आली की त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. थेंब टाकून बाहुली मोठी केली की दृष्टिपटलावर पांढुरका डाग आणि बहुधा शेजारी जुना व्रण दिसतो. निदान मुख्यतः त्यावरच होतं. संसर्ग अनेकदा जुना, पुन्हा उसळलेला असल्याने आयजीएम निगेटिव्ह असू शकते. तेवढ्यावर कुणी ‘टॉक्सो नाही’ म्हणालं तर मानू नका. आयजीजी निगेटिव्ह असेल तर मात्र टॉक्सोची शक्यता खूपच घटते. परजीवीवरच्या औषधाशिवाय नुसतं स्टिरॉइड घेतलं तर नजर जाऊ शकते.

एचआयव्हीबाधितांत, विशेषतः सीडी4 (प्रतिकारशक्तीच्या) पेशी 100 च्या खाली गेल्यावर, डोकेदुखी, ताप, बोलण्यात गोंधळ, झटका किंवा एका बाजूची ताकद जाणं, यातलं काहीही दिसलं तर लॅबच्या रांगेत वेळ घालवू नका. थेट रुग्णालय आणि एमआरआय. तिथेही क्षयाची गाठ आणि पट्टकृमीची पुटी मेंदूत टॉक्सोसारखीच वलयासारखी दिसू शकते, म्हणून आयजीजी हा फक्त एक धागा. अनेकदा टॉक्सोचे उपचार सुरू करून दहा ते चौदा दिवसांत फरक पडतो का, हे पाहावं लागतं.

रक्त द्यायला उपाशी राहायची गरज नाही. केसांसाठी बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या चालू असतील तर लॅबला आधी सांगा, काही मशीनवर त्याने आकडे चुकतात. दुसऱ्यांदा रक्त द्यायचं असेल तर लॅब बदलू नका; दोन किटचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत. पहिला सीरम (रक्तातला द्रव भाग) जपून ठेवायला सांगा आणि दोन्ही नमुने एकाच वेळी मशीनवर लावायला सांगा. रिपोर्टवर पद्धत, एकक आणि मर्यादेचा आकडा नसेल तर तो मागून घ्या.

नवजात बाळासाठी टॉर्च पॅनल लिहून दिलं असेल तर एवढं पाहा : रक्त बाळाच्या शिरेतून घ्या, नाळेच्या रक्तात आईचं रक्त मिसळलेलं असू शकतं. बाळाची आयजीजी बहुधा आईकडूनच आलेली असते, तिने काही सिद्ध होत नाही. आयजीएमच्या जोडीला आयजीए (आणखी एका प्रकारच्या प्रतिपिंडांची चाचणी) मागा. शंका उरली तर आयजीजी दर महिना-दोन महिन्यांनी मोजत राहायची. ती उतरत जाऊन पहिल्या वर्षात नाहीशी झाली तर ती आईचीच होती, वर्षानंतरही टिकली तर संसर्ग बाळाला आहे.