टीसीडी बबल टेस्ट: आठ महिने रोज हाताळल्यावरचा अनुभव

मी कोल्हापुरात न्यूरो लॅबला टेक्निशियन आहे, आमच्याकडं टीसीडी मशीन, म्हणजे कानशिलावरून ध्वनिलहरी सोडून मेंदूतल्या रक्ताचा वेग मोजणारं यंत्र, येऊन आठ महिने झाले. पॅरालिसिसचा झटका आलेला पेशंट तरुण असला आणि बाकी तपासण्यांत काहीच कारण सापडलं नाही की हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात भोक आहे का ते बघायला आमच्याकडं पाठवतात. त्या भोकाला पीएफओ म्हणतात.

काम असं, 9 मिली सलाईन आणि 1 मिली हवा, दोन सिरिंज थ्री-वेला (तीन तोंडांच्या तोटीला) जोडून इकडून तिकडं जोरात घुसळायचं, पेशंटचं थोडं रक्त घेतलं तर बुडबुडे छान बारीक होतात, आणि लगेच कोपराच्या शिरेतून सोडायचं. बुडबुडे एरवी फुप्फुसात अडकतात. भोक असेल तर ते हृदयाच्या डाव्या बाजूला जाऊन मेंदूच्या रक्तवाहिनीत येतात, कानशिलावरच्या प्रोबला चिमणीसारखा चिवचिवाट ऐकू येतो. दहापर्यंत आले तर शंट, म्हणजे रक्ताची ही आडवाट, लहान, आणि मोजताच येईनात, स्क्रीनवर पांढरा पडदाच पडला, तर मोठा.

आता खरं सांगायचं ते. मशीन चांगलंय, पण टेस्ट टिकते ती पेशंटच्या जोरावर. इंजेक्शन सुरू झाल्यावर पाचव्या सेकंदाला श्वास कोंडून दहा सेकंद जोर लावायचा असतो, तेव्हाच बंद असलेलं भोक उघडतं. सुरुवातीला मी नुसतं "जोर लावा" म्हणायचो. गडहिंग्लजकडचा एक पस्तिशीचा माणूस, एकही बुडबुडा आला नाही, पण रेकॉर्डिंग परत बघितलं तर जोर लावताना रक्ताचा वेग जराही उतरला नव्हता, म्हणजे त्यानं नुसते गाल फुगवले होते. रिपोर्ट थांबवून डॉक्टरांना सांगितलं, दुसऱ्या दिवशी त्याला 10 मिलीच्या सिरिंजमध्ये फुंकून दट्ट्या हलवायची प्रॅक्टिस दिली, आणि मग स्क्रीनवर पडदाच पडला की. त्या रात्री मला झोप लागली नाही, आधीचे किती रिपोर्ट असे गेले असतील म्हणून.

तोंडातून अन्ननलिकेत नळी घालून हृदयाची इको करतात ती टीईई भोक प्रत्यक्ष दाखवते, ती लागतेच, पण झोपेचं औषध दिलेल्या पेशंटला जोर नीट लावता येत नाही, आणि छातीवरून केलेल्या साध्या इकोत बरेच शंट सुटतात. म्हणून आधी टीसीडी, हे माझं मत आता पक्कं झालंय. पण टीसीडीला भोक कुठंय ते कळत नाही, बुडबुडे उशिरा आले तर फुप्फुसातला शंटही असू शकतो.

त्रास म्हणाल तर हेडबँड. पेशंटनं दात आवळले की प्रोब सरकतो आणि सिग्नल जातो, मग सगळं परत. वयस्कर बायकांच्या कानशिलाचं हाड जाड असतं, कधीकधी दोन्ही बाजूंनी सिग्नलच मिळत नाही, आणि सांगलीहून एसटीनं आलेल्या आजींना परत पाठवताना जीवावर येतं.

नातेवाईक रिपोर्ट बघून घाबरतात, त्यांना एवढंच सांगतो की असं भोक साधारण चारातल्या एकाला असतं, म्हणून ते सापडलं म्हणजे झटका त्यामुळंच आला असं नाही, बंद करायचं का ते न्यूरो आणि कार्डिओ दोघं मिळून ठरवतील. आणि टेस्टला यायच्या आधी घरी सिरिंजमध्ये फुंकून बघा, दट्ट्या हलला पाहिजे.