पाचामुखी परमेश्वर, पण पाच खरे हवेत: ‘सोशल प्रूफ’ प्लगिनांचं परीक्षण

ऑनलाइन दुकानाचं पान उघडलं की कोपऱ्यातून एक चौकट वर येते, ‘कोणीतरी 4 मिनिटांपूर्वी हे घेतलं’. किमतीखाली ‘आत्ता 23 जण हे पाहत आहेत’. त्याच्या बाजूला ‘सर्वाधिक खपाचं’ असा बिल्ला. हे सगळं दुकानदाराच्या हातचं नसतं. ‘सोशल प्रूफ’ (इतरांनी घेतलं म्हणून आपणही घ्यावं असं वाटायला लावणारा पुरावा) या नावाखाली मिळणारं एखादं प्लगिन, म्हणजे दुकानाच्या संकेतस्थळाला जोडायचं तयार सॉफ्टवेअर, ते करत असतं, आणि हे परीक्षण त्या जातीच्या प्लगिनांचं आहे. आतली यंत्रणा सगळ्यांची जवळपास सारखीच, त्यामुळे नावापेक्षा सेटिंग महत्त्वाची. आमचं मत आधीच सांगतो: या संचात जे सर्वांत जास्त हलतं-डुलतं ते सर्वांत कमी उपयोगाचं. खरं वजन एका साध्या, स्थिर ओळीत असतं आणि ती लिहायला बऱ्याचदा प्लगिनही लागत नाही.

सुरुवात चौकटीपासून, कारण बहुतेक जण तिच्यासाठीच प्लगिन घेतात. बसवणं सोपं आहे: प्लगिन ऑर्डरच्या नोंदींना जोडायचं, कोणत्या पानांवर दाखवायचं ते ठरवायचं आणि वेळा भरायच्या. घोटाळा होतो तो आयत्या सेटिंगवर सोडून दिल्यामुळे. पान उघडल्यावर पहिल्या चौकटीआधी निदान 8 ते 10 सेकंद जाऊ द्यावेत, चौकट 5 सेकंद राहावी, आणि एका भेटीत दोन-तीनपेक्षा जास्त येऊ नयेत. ‘लूप’ (तेच पुन्हा पुन्हा दाखवणं) हा पर्याय चालू ठेवला तर त्याच तीन ऑर्डरी फिरून फिरून येतात आणि गिऱ्हाईक तिसऱ्या फेरीला ओळखतं की इथे गर्दी नाही. मोबाइलवर चौकट नेमकी ‘कार्टमध्ये टाका’ या बटणावर बसते. तिथे ती वरच्या कडेला न्यावी किंवा सरळ बंद करावी. पैसे भरण्याच्या पानावर ती कधीच नको. तिथवर आलेल्या माणसाला पटवायचं काही उरलेलं नसतं, फक्त त्याचं लक्ष उडतं.

कोणत्या ऑर्डरी मोजायच्या हेही तपासा. काही प्लगिनं ‘पेंडिंग’ (पैसे यायचे बाकी असलेल्या) नोंदीही विक्री म्हणून दाखवतात, म्हणजे पैसे न भरताच निघून गेलेला माणूस ‘त्यांनी घेतलं’ म्हणून झळकतो. रद्द झालेल्या आणि परत आलेल्या ऑर्डरी वगळायची सोय नसेल तर ते प्लगिन घेऊ नका. वेळेचे दोन दोष वारंवार दिसतात. सर्व्हरची वेळ आणि दुकानाची वेळ जुळत नसली की आत्ताची ऑर्डर काही तासांपूर्वीची दिसते. दुसरं, पानाचा कॅश (लवकर उघडावं म्हणून साठवून ठेवलेली पानाची प्रत) चालू असला की ‘2 मिनिटांपूर्वी’ हे शब्द तसेच गोठतात आणि संध्याकाळपर्यंत 2 मिनिटंच राहतात. त्यावर उपाय म्हणजे वेळ पानात छापून न ठेवता ब्राउझरमध्ये मोजून घेणं. गिऱ्हाइकाचं नाव आणि गाव दाखवणारा पर्याय बंदच बरा. छोट्या गावातून आलेली एकुलती ऑर्डर नाव-गावासकट दाखवली तर ओळखीच्यांना ती कोणाची हे कळायला वेळ लागत नाही. खरेदीची अशी जाहिरात होईल हे त्या माणसाला कोणी विचारलेलंही नसतं.

‘आत्ता इतके जण पाहत आहेत’ हा आकडा मात्र या संचातला सर्वांत वाईट भाग. काही प्लगिनांत त्याच्या सेटिंगमध्ये ‘किमान’ आणि ‘कमाल’ अशा दोन पेट्या असतात. तिथे 15 आणि 40 भरायचं, की प्लगिन मधला कोणताही आकडा फेकत राहतं. खऱ्या भेटींशी त्याचा काही संबंध नाही. ओळखायला फार कौशल्य लागत नाही: पान खाजगी खिडकीत उघडा, चार-पाच वेळा रिफ्रेश करा, मग पानाच्या कोडमध्ये ‘मॅथ.रँडम’ (Math.random, यदृच्छेने आकडा काढणारी आज्ञा) शोधा. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2019 मध्ये सुमारे 11,000 खरेदीच्या संकेतस्थळांची छाननी केली, तेव्हा अशी यदृच्छेने बनवलेली ‘गर्दी’ त्यांच्या हाती लागली, आणि ती तयार करून देणाऱ्या बाहेरच्या कंपन्याही.

आता हा प्रकार नुसता ओशाळवाणा नाही, बेकायदाही ठरू शकतो. भारतात 30 नोव्हेंबर 2023 च्या डार्क पॅटर्नविषयक (गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या किंवा भुलवणाऱ्या मांडणीविषयीच्या) मार्गदर्शक सूचनांत 13 प्रकार दिले आहेत; त्यातल्या ‘खोटी निकड’ या प्रकाराच्या उदाहरणांत वस्तूची खोटी लोकप्रियता दाखवणंही येतं. अमेरिकेत ग्राहकांच्या नावाने दिलेल्या बनावट परीक्षणांविरुद्धचा (रिव्ह्यूंविरुद्धचा) नियम ऑक्टोबर 2024 पासून लागू आहे. युरोपीय संघाने तर 2022 पासूनच बनावट परीक्षणं बंदीच्या यादीत घातली आहेत. ‘प्लगिनात सोय होती म्हणून वापरली’ एवढ्याने दुकानदाराची जबाबदारी टळेल, या भ्रमात राहू नये.

बिल्ल्याबद्दल थोडक्यात. ‘सर्वाधिक खपाचं’ हे लेबल खप नोंदवतं तसंच खप घडवतंही. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात 14,000 हून जास्त लोकांना 48 अनोळखी गाणी दिली होती. इतरांनी किती वेळा उतरवून घेतली ते ज्यांना दिसत होतं, त्यांना आठ वेगळ्या गटांत विभागलं होतं. गाणी तीच, पण प्रत्येक गटातली वरची गाणी वेगळी निघाली. सुरुवातीला ज्याला चार मतं जास्त पडली ते पुढे गेलं. म्हणून बिल्ला आजवरच्या एकूण विक्रीवर नको, गेल्या 30 दिवसांच्या विक्रीवर ठेवा. नाहीतर पहिल्या महिन्यातली नशिबाची आघाडी वर्षानुवर्षं वरच बसून राहते आणि नवा माल कधीच दिसत नाही.

आता कामाचा भाग. कोणाचं अनुकरण करायचं हे माणूस नुसत्या संख्येवरून ठरवत नाही, ‘हे माझ्यासारखे आहेत का’ यावरून ठरवतो. हॉटेलातल्या टॉवेलांवरचा 2008 चा प्रयोग या बाबतीत अजूनही सर्वांत उपयोगी आहे. ‘पर्यावरण वाचवा’ एवढंच लिहिलेल्या पाटीमुळे सुमारे 37 टक्के पाहुण्यांनी टॉवेल पुन्हा वापरले. ‘इथल्या बहुतेक पाहुण्यांनी वापरले’ म्हटल्यावर 44 टक्के. ‘याच खोलीत राहिलेल्या बहुतेकांनी वापरले’ म्हटल्यावर 49. गंमत अशी की ‘या खोलीतले’ हा काही कोणाच्या अभिमानाचा गट नव्हे. पण परिस्थिती तीच, दार तेच, टॉवेलही तोच. तेवढी जवळीक पुरली.

दुकानाच्या भाषेत याचा अर्थ असा: ‘2,000 समाधानी ग्राहक’ ही ओळ काढा. तिच्या जागी ‘तेलकट त्वचेसाठी घेणाऱ्यांपैकी बहुतेकांनी 50 मिलिची बाटली निवडली’ किंवा ‘हा कॅमेरा पहिल्यांदाच घेणारे सोबत ही लेन्स घेतात’ असं लिहा. ओळीत तीन गोष्टी हव्यात: गट (वाचणारा स्वतःला त्यात पाहील इतका नेमका), कृती (त्याला आत्ता करायची आहे तीच), आणि तुमच्या नोंदींतून कधीही काढून दाखवता येईल असा आधार. गट फार बारीक केला की आधार तुटतो. आमच्या हिशेबी निदान 30 ऑर्डरी पाठीशी नसतील तर ‘बहुतेक’ हा शब्द वापरू नये. आणि ही ओळ निर्णयाच्या शेजारी हवी, आकाराच्या किंवा रंगाच्या पर्यायाखाली. मुख्य पानाच्या तळाशी ती वाया जाते. गट ओळखण्यासाठी गिऱ्हाइकाच्या मागे हेरगिरी करायची गरज नाही. कोणत्या विभागातून तो या पानावर आला एवढं पुरतं.

याच साधनाची उलटी धारही आहे, आणि प्लगिनांच्या माहितीपत्रकात ती क्वचितच सापडते. ‘फक्त 3 जणांनी घेतलं’ हे दाखवणं म्हणजे ‘बाकी कोणी घेतलं नाही’ असं जाहीर करणं. म्हणून किमान मर्यादा (ज्याखालचा आकडा दिसणारच नाही अशी) ठेवता येत नसेल तर आकडा लपवा. ‘बरेच लोक कार्ट अर्धवट सोडून जातात, तुम्ही तसं करू नका’ या आठवणीच्या ईमेलचीही तीच गत: पहिलं वाक्य दुसऱ्याचं काम बिघडवतं. अ‍ॅरिझोनातल्या पेट्रिफाइड फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यानात दगड झालेल्या लाकडाचे तुकडे लोक खिशात घालून नेत. तिथल्या वाटांवर खुणा केलेले तुकडे ठेवून पाट्या बदलून पाहिल्या. ‘पूर्वीच्या अनेकांनी तुकडे नेले, त्याने जंगलाची स्थिती बदलली’ या अर्थाच्या पाटीखाली 7.92 टक्के तुकडे गेले. ‘कृपया नेऊ नका’ या साध्या पाटीखाली 1.67 टक्के. पहिल्या पाटीने चोरांची संख्या सांगितली आणि नव्या चोराला सोबत मिळवून दिली.

जे आधीच चांगलं करतात त्यांना सरासरी दाखवली तरी असंच होतं. कॅलिफोर्नियातल्या घरांना शेजाऱ्यांच्या वीजवापराची सरासरी कळवली तेव्हा जास्त वीज जाळणारे खाली आले, पण कमी जाळणारे वर सरकले. काटकसर करणाऱ्यांच्या पत्रावर हसरा चेहरा छापला तेव्हा ती वाढ थांबली. तेव्हा सदस्यत्वाच्या किंवा बचतीच्या अ‍ॅपमध्ये ‘तुमच्यासारख्यांची सरासरी’ दाखवायची असेल, तर सरासरीच्या पुढे असलेल्यांना शाबासकी वेगळी द्या.

नकाराच्या बटणावर ‘नको, मला मागे राहायला आवडतं’ लिहिणारं टेम्प्लेट दिसलं तर ते पुसून टाका. वर सांगितलेल्या 13 प्रकारांत हेही आहे, शिवाय ते पोरकट दिसतं.

‘विक्री वाढते’ या दाव्याची परीक्षा घेताना एक हिशेब जवळ ठेवा. दर 100 भेटींत 2 ऑर्डरी येत असतील आणि प्लगिनामुळे त्या 2.2 होतात का हे पाहायचं असेल, तर प्लगिनसह आणि प्लगिनविना अशा दोन्ही बाजूंना प्रत्येकी सुमारे 80 हजार भेटी लागतात. 2 वरून 2.4 होतात का एवढंच बघायचं तर प्रत्येकी साधारण 21 हजार. महिन्याला तीन हजार भेटी असलेल्या दुकानाला प्लगिनचा डॅशबोर्ड (आकडे दाखवणारं पान) आठवड्यात ‘18 टक्के वाढ’ दाखवत असेल, तर तो बहुधा चौकट दिसल्यानंतर झालेली प्रत्येक ऑर्डर स्वतःच्या खात्यात जमा करतो आहे. भेटी अर्ध्या-अर्ध्या वाटून तुलना करायची सोय नसलेल्या प्लगिनचे आकडे वाचण्यात वेळ घालवू नका.

तांत्रिक बाजूला दोन तक्रारी. किमतीखाली उशिरा उगवणारी ओळ खालचा मजकूर ढकलते आणि बोट चुकीच्या बटणावर पडतं. तिच्यासाठी जागा आधीच राखून ठेवा. आणि स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं साधन) वापरणाऱ्याला दर काही सेकंदांनी ‘कोणीतरी घेतलं’ असं मध्येच ऐकवणारी चौकट बंद करता आलीच पाहिजे. अनेकांत ते बटण दिसतं, पण कीबोर्डने तिथे पोचता येत नाही.

घ्यायचं का? दिवसाला 20-25 ऑर्डरी येणाऱ्या दुकानाने किमान मर्यादा, परतावे वगळणं आणि अर्ध्या-अर्ध्या तुलनेची सोय असलेलं प्लगिन घ्यायला हरकत नाही. त्यातही ‘पाहत आहेत’ हा भाग पहिल्या दिवशी बंद करावा. त्याहून लहान दुकानाने पैसे वाचवावेत. महिन्यातून एकदा ऑर्डरींची यादी उतरवून घ्या, कोणत्या गरजेसाठी कोणता पर्याय जास्त गेला ते मोजा, आणि प्रत्येक मुख्य वस्तूखाली एक ओळ हाताने लिहा. पुढच्या महिन्यात आकडे बदलले तर ओळही बदला.