गिझरचा टायमर: जळगावच्या एका हिवाळ्याचा हिशेब

खानदेशात घर उबदार ठेवण्यासाठी वीज जाळावी लागत नाही. ती जळते आंघोळीच्या पाण्यासाठी. उत्तरेकडचे कोरडे वारे सुरू झाले की जळगाव-धुळ्याकडे पहाटेचा पारा अनेकदा दहाच्या खाली उतरतो. दुपारी मात्र ऊन चांगलेच तापते, त्यामुळे गरम पाण्याची गरज मुख्यतः सकाळच्या दोन-तीन तासांपुरतीच असते. आमच्या घरात 5 माणसे, एक न्हाणीघर आणि 25 लिटरचा, 2 किलोवॅटचा साठवणुकीचा गिझर आहे. मागच्या हिवाळ्यात या गिझरला मी 16 अँपिअरचा डिजिटल टायमर लावला. गोलाणी मार्केटमधील एका दुकानात तो साडेअकराशे रुपयांना मिळाला. चार महिने वापरल्यानंतर त्याविषयी सविस्तर लिहीत आहे, कारण वीजबिल वाढले की लोक आधी नवा गिझर घ्यायचा विचार करतात आणि बहुतेक घरांत त्याची गरज नसते.

गावाकडच्या घरी आमच्याकडे तांब्याचा बंब होता आणि त्यात कपाशीच्या पऱ्हाट्या जळत. आई शेवटच्या दोन आंघोळींसाठी बंबात नवे जळण घालत नसे. उरलेल्या विस्तवावर आणि आधीच तापलेल्या पाण्यावर त्या आंघोळी होत. गिझर आल्यावर ही शिस्त घरातून गेली. पहाटे साडेपाचला खटका दाबला जाई आणि तो कधी दहाला, कधी दुपारी जेवताना लक्षात आल्यावर बंद होई. दिवसभर चालू राहिल्याचेही प्रसंग कमी नव्हते. गिझरमधला थर्मोस्टॅट पाणी ठरलेल्या तापमानाला पोचल्यावर वीज तोडतो, पण पाणी थोडे निवले की पुन्हा जोडतो. म्हणजे न्हाणीघरात कोणी नसतानाही तो टाकीच्या भिंतींतून निसटणारी उष्णता भरून काढत राहतो. गिझरवर जे तारांकित लेबल असते, ते प्रामुख्याने या निसटणाऱ्या उष्णतेचे मोजमाप असते. पाणी तापवायला लागणारी वीज काही ताऱ्यांमुळे कमी होत नाही.

पाणी तापवण्याचा हिशेब सरळ आहे. 25 लिटर पाणी 18 अंशांवरून 55 अंशांवर नेण्यासाठी साधारण 1.1 युनिट वीज लागते आणि 2 किलोवॅटच्या गिझरला त्यासाठी अर्ध्या तासाहून थोडा अधिक वेळ पुरतो. ही वीज कोणत्याही टायमरने वाचत नाही, म्हणून खोक्यावर छापलेला ‘वीजबिल निम्मे’ हा दावा मला अजिबात मान्य नाही. वाचते ती वाट पाहण्यात आणि विसरण्यात जाणारी वीज.

ती किती, हे पाहण्यासाठी मी डिसेंबरात मोजणी केली. या टायमरमध्येच युनिट मोजण्याची सोय आहे. पहिले 7 दिवस टायमर केवळ मोजण्यापुरता ठेवला आणि घरच्यांना नेहमीप्रमाणे गिझर वापरू दिला. तेव्हा 27 युनिट लागले. पुढचे 7 दिवस वेळा ठरवून दिल्या, त्या आठवड्यात 20 युनिट लागले. थंडी दोन्ही आठवड्यांत जवळपास सारखीच होती आणि आंघोळीही तितक्याच. रोजचे 1 युनिट, महिन्याचे 30. आकडा लहान वाटेल, पण महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या 100 युनिटांनंतर पुढच्या टप्प्याचा दर जवळपास दुप्पट होतो आणि वर 16 टक्के वीज शुल्क असते. आमचा वापर हिवाळ्यात 100 च्या बराच पुढे जातो, त्यामुळे वाचलेले प्रत्येक युनिट वरच्या दराचे असते. आमच्या बिलात महिन्याला साडेतीनशे ते चारशे रुपयांचा फरक पडला. टायमरची किंमत एका हिवाळ्यात वसूल झाली.

ज्यांच्या घरी माणसे दोन आणि खटका बंद करण्याची सवय पक्की, त्यांना एवढा फायदा होणार नाही, हेही तितकेच खरे आहे.

वेळा ठरवण्यातच या वस्तूचा खरा उपयोग आहे. माझा धाकटा भाऊ भुसावळला रोज अपडाऊन करतो, त्याची आंघोळ पावणेसहाला. त्यासाठी गिझर सव्वापाचला सुरू होतो आणि साडेसहाला बंद होतो. मग मुलांची शाळा, म्हणून 7 ते पावणेआठ. आईची आंघोळ सव्वाआठला, सर्वांत शेवटी, आणि तेव्हा गिझर बंद असतो. टाकीत जे गरम पाणी शिल्लक असते त्यात तिची बादली निवांत भरते, आणि नंतर टाकीत दिवसभर निवत बसणारे पाणी मुळातच कोमट असते. सुरुवातीला मी गिझर शेवटच्या आंघोळीनंतर बंद होईल अशी वेळ लावली होती. ती चूक आईनेच दाखवली. “बंबात तरी शेवटी कुठे पऱ्हाट्या घालत होते मी?” असे ती म्हणाली आणि मी वेळ बदलली.

टायमर निवडताना आपल्याकडच्या भारनियमनाचा विचार सर्वांत आधी करायला हवा. मी पहिल्यांदा स्वस्त, फिरत्या चकतीचा यांत्रिक टायमर घेतला होता. वीज गेली की त्याची चकती थांबते आणि वीज आल्यावर तो तितकाच मागे पडून चालू लागतो. दोन तास वीज गेल्यावर दुसऱ्या दिवशी पाणी दोन तास उशिरा तापले आणि भावाची गाडी चुकता चुकता राहिली. डिजिटल टायमरमध्ये आतल्या छोट्या बॅटरीवर घड्याळ चालू राहते. मोबाइलवरून चालणारे वायफायचे प्लगही बाजारात आहेत, पण त्यांतल्या अनेकांना वीज आल्यावर अचूक वेळ इंटरनेटवरून घ्यावी लागते. पहाटे राउटर बंद असेल तर ठरवलेली वेळ हुकते. ज्या घरात वृद्ध माणसे आहेत तिथे साधे बटण असलेला टायमरच बरा, असे माझे मत झाले आहे.

या टायमरचे दोष मात्र सांगितलेच पाहिजेत. बटणे इतकी बारीक आहेत की आईला ती दाबता येत नाहीत, आणि सूचनापत्रक फक्त इंग्रजीत आहे. मराठी मुलखात विकल्या जाणाऱ्या वस्तूबरोबर मराठीत चार ओळी नसाव्यात, याचे मला मनापासून वाईट वाटते. पडद्याला प्रकाश नसल्याने न्हाणीघराबाहेरच्या अंधाऱ्या बोळात तो वाचता येत नाही.

सुरक्षिततेबाबत कोणीही काटकसर करू नये. 2 किलोवॅटचा गिझर जवळपास 9 अँपिअर वीज ओढतो आणि 3 किलोवॅटचा 13. त्यामुळे 6 अँपिअरच्या साध्या प्लगवर टायमर बसवणे म्हणजे बोर्ड जाळण्याची तयारी. आमच्या वायरमनने आधी अर्थिंग तपासले, सॉकेटमधल्या सैल झालेल्या तारा घट्ट केल्या आणि मगच टायमर लावू दिला. पहिल्या आठवड्यात मी रोज गिझर बंद झाल्यावर कोरड्या हाताने प्लग चाचपून पाहत होतो. तो तापत असता तर परत केला असता. टायमर असला तरी भिंतीवरचा मुख्य खटका राहू द्यावा.

याच वेळी थर्मोस्टॅटही 65 वरून 55 अंशांवर आणून घेतला. आमच्या गिझरमध्ये तो झाकणाखाली असल्याने हे काम वीज पूर्ण तोडून वायरमननेच केले. याचा दुसरा लाभ असा की बोअरचे जड पाणी 60 अंशांच्या वर गेले की कॉइलवर क्षार वेगाने जमतात, आणि क्षारांचा थर जाड झाला की कॉइल लवकर निकामी होते. मात्र कोमट पाणी दिवसेंदिवस टाकीत साठून राहिले तर त्यात जिवाणू वाढू शकतात, म्हणून थर्मोस्टॅट याहून खाली आणू नये. गावाला जाऊन चार-सहा दिवसांनी परतल्यावर जुने पाणी आधी सोडून द्यावे.

होळीनंतर छतावरच्या काळ्या टाकीतलेच पाणी पुरेसे गरम येऊ लागले, तेव्हा टायमर काढून कपाटात ठेवला. महिनोन् महिने वीज न मिळाल्यास आतली बॅटरी उतरते आणि लावलेल्या वेळा पुसल्या जातात. म्हणून त्या एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवल्या आहेत. दिवाळीनंतर भरताची वांगी बाजारात दिसू लागली की टायमर पुन्हा लावायचा आहे.