वायरशार्क: टीसीपीत तरबेज, क्विकमध्ये चाचपडणारं

इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफमध्ये ट्रान्सपोर्ट प्रोटोकॉलच्या (डेटा पोचवण्याच्या नियमांच्या) मसुद्यावर काम करायचं, तर आरएफसी, म्हणजे तिथले प्रसिद्ध दस्तऐवज, पाठ असून भागत नाही. ‘इथे डेटा पुन्हा का गेला?’ याचं उत्तर पॅकेट दाखवून देता यायला हवं. नेटवर्कवरची पॅकेट पकडून उलगडून दाखवणारं वायरशार्क फुकट आहे, ओपन सोर्स आहे. पण या कामाला ते पुरतं का?

टीसीपी या जुन्या, सर्रास वापरातल्या प्रोटोकॉलसाठी पुरून उरतं, पाचपैकी पाच. स्टॅटिस्टिक्स मेनूतला टीसीपीट्रेस आलेख उघडा. खालची रेघ पोचलेल्या ॲकची (डेटा मिळाल्याच्या पोचपावतीची), वरची रिसीव्हरच्या विंडोची (तो किती डेटा घेऊ शकतो त्या मर्यादेची), मधे पाठवलेला डेटा. डेटा वरच्या रेघेला टेकला तर अडवणूक रिसीव्हरची. आधीच थबकला तर कंजेशन विंडो (नेटवर्क तुंबू नये म्हणून पाठवणारा स्वतःवर घालतो ती मर्यादा) तपासा, किंवा ॲप्लिकेशनच डेटा देत नसेल. आलेख सपाट दिसला तर बहुतेक वेळा दिशा उलटी निवडलेली असते.

नवखे हमखास फसतात ते दोन ठिकाणी. विंडो स्केल (विंडोच्या आकड्याचा गुणक) फक्त सिनमध्ये, म्हणजे कनेक्शन जोडणाऱ्या हँडशेकच्या पॅकेटमध्ये, ठरतं, त्यामुळे कॅप्चरमधून हँडशेक सुटला की विंडोचे आकडे भलतेच लहान दिसतात. आणि पाठवणाऱ्या मशीनवरच कॅप्चर केलं तर १५०० बाइटच्या एमटीयूवरही (पॅकेटच्या कमाल आकारावरही) कित्येक हजार बाइटचे ‘पॅकेट’ दिसतात. ती सेगमेंटेशन ऑफलोडची, म्हणजे डेटाचे तुकडे पाडणं शेवटच्या टप्प्यावर ढकलण्याची, करामत. लिनक्सच्या ईथटूल आज्ञेने टीएसओ, जीएसओ, जीआरओ या ऑफलोडच्या सोयी बंद करा, मगच वाद घाला.

क्विक या नव्या, एन्क्रिप्टेड प्रोटोकॉलला मात्र तीनच गुण. इनिशियल (सुरुवातीची) पॅकेट वेगळी किल्ली न देता उलगडतात, कारण त्यांची किल्ली कनेक्शन आयडी आणि आरएफसी ९००१ मधल्या जाहीर सॉल्टवरून (ठरावीक आकड्यावरून) निघते. पुढच्या सगळ्यासाठी की-लॉग फाइल लागते, ज्यात ब्राउझर किल्ल्या लिहून ठेवतो. ब्राउझरच्या सगळ्या खिडक्या बंद करा, या फाइलचा पत्ता देणारं SSLKEYLOGFILE व्हेरिएबल सेट करा, त्याच टर्मिनलमधून ब्राउझर सुरू करा. वायरशार्कला फाइलचा पत्ता प्रेफरन्सेसमध्ये टीएलएस या एन्क्रिप्शनच्या प्रोटोकॉलखाली द्यायचा; लोक तो क्विकखाली शोधत बसतात. कॅप्चर हँडशेकच्या आधीच सुरू हवं, कारण हँडशेकनंतरच्या पॅकेटच्या शॉर्ट हेडरमध्ये कनेक्शन आयडीची लांबी लिहिलेलीच नसते. वायरशार्कसोबतच्या एडिटकॅपने किल्ल्या कॅप्चरच्या पीकॅप-एनजी फाइलमध्ये भरून सहकाऱ्याला पाठवता येतात. सोय झकास, पण सोबत कुकीही जातात, तेव्हा चाचणीचाच ट्रॅफिक पाठवा.

एवढं करूनही टीसीपीचे आलेख इथे लागू होत नाहीत. क्विकचा पॅकेट क्रमांक पुन्हा वापरला जात नाही; हरवलेला डेटा नव्या क्रमांकाच्या पॅकेटमधून जातो. म्हणून तो डेटा स्ट्रीमच्या ऑफसेटवरून (प्रवाहातल्या जागेवरून) हुडकावा लागतो. कंजेशन विंडो तर तारेवरच्या पॅकेटमध्ये नसतेच. त्यासाठी पाठवणाऱ्याचा क्यूलॉग (क्विकच्या घडामोडींची नोंद) घ्या, टीसीपीला लिनक्सची एसएस आज्ञा.

चाचणीला मुद्दाम विलंब आणि लॉस (पॅकेट हरवणं) घडवणारं लिनक्सचं नेटएम वापरणार असाल, तर ते मधल्या वेगळ्या मशीनवर ठेवा. पाठवणाऱ्याच्या मशीनवर ठेवलं तर टाकून दिलेलं पॅकेट कॅप्चरमध्ये उमटतच नाही. नेटएमची रांग मुळात १००० पॅकेटची. १ गिगाबिटवर १०० मिलिसेकंद विलंब लावलात तर ८००० हून जास्त पॅकेट वाटेत असतात, आणि तुम्ही न मागितलेला लॉस मिळतो. लिमिट आधी वाढवा.