काळी गाठ की अल्कोहोल? चिलटांवरचा प्रकल्प निवडताना

अळीच्या अंगात अंडं घालणाऱ्या परजीवी गांधीलमाशीपासून ड्रोसोफिला, म्हणजे फळांवरचं चिलट, स्वतःला कसं वाचवतं, यावर एमएस्सीचा प्रकल्प करायचा तर दोन वाटा आहेत: रक्तपेशींची, म्हणजे त्या परजीवीभोवती करतात त्या काळ्या गाठीची, आणि अल्कोहोलची. आमच्या रत्नागिरीच्या लॅबमध्ये मी दोन्ही हाताळल्या आहेत.

अल्कोहोलची वाट ऐकायला भारी. गांधीलमाशीने अंडं घातलेली अळी मुद्दाम अल्कोहोलवाल्या अन्नाकडे वळते आणि अंगातला परजीवी त्याने मरतो, हे 2012 मध्ये प्रसिद्ध झालं. पुढच्याच वर्षी कळलं, की गांधीलमाशी नुसती दिसली तरी चिलटाची मादी अल्कोहोल असलेल्या अन्नावर अंडी घालणं पसंत करते. काजूच्या बागेत आंबलेल्या बोंडांवर घोंगावणारी चिलटं पाहिलेल्या माणसाला हा विषय आवडणारच.

पण इथल्या उकाड्यात अन्नात घातलेलं सहा टक्के अल्कोहोल सहा टक्के राहत नाही, आणि मला नडलं ते हेच. लाईट गेली, इन्क्युबेटर तापला, की बाटलीच्या कापसाच्या बोळ्यातून वास थेट व्हरांड्यात. बोळा घट्ट बसवला तर आत पाणी सुटतं, अळ्या चिखलात लोळतात. परीक्षकांनी विचारलं, ‘शेवटी नेमकं किती उरलं होतं?’ तर काय सांगणार? शिवाय गांधीलमाशीच्या दोन जातींपैकी मोजक्याच चिलटांवर पोसणाऱ्या लेप्टोपिलिना बोलार्डीला अल्कोहोल बऱ्यापैकी सोसतं, लेप्टोपिलिना हेटेरोटोमाला कमी. म्हणजे आणखी एक घोळ. एसी लॅब असेल तर गोष्ट वेगळी.

गाठीचं तसं नाही. अंडं आत शिरलं की रक्तपेशी त्याला चिकटतात, एरवी सहसा न दिसणाऱ्या चपट्या लॅमेलोसाइट पेशी थरावर थर चढवतात, वर मेलॅनिन हे काळं रंगद्रव्य बसतं. अळी पाण्याच्या थेंबात ठेवा, साध्या डिसेक्टिंग मायक्रोस्कोपचा आरसा खिडकीकडे वळवा. कातडीतून काळा ठिपका दिसतो. विजेची गरजच नाही. वाचून मोठ्या झालेल्या चिलटाच्या पोटातही तो राहतो, त्यामुळे आज मोजणी हुकली तरी उद्या होते.

एवढंच, की हेटेरोटोमा घेऊ नका. तिचं विष लॅमेलोसाइट फोडतं, गाठी क्वचितच मिळतात. बोलार्डीतही वाण विचारूनच मागवा, काही वाण चिलटांच्या या बचावाला दाद देत नाहीत. हौस असेल तर पिढ्यांची निवडही करता येते: 1997 च्या प्रयोगात अ‍ॅसोबारा टॅबिडा या दुसऱ्या परजीवी गांधीलमाशीविरुद्धचा चिलटांचा प्रतिकार पाच पिढ्यांत 5 टक्क्यांवरून 60 वर गेला, मात्र अन्नासाठीच्या चढाओढीत त्या अळ्या मागे पडल्या.

तुमच्या गाईडना वर्तनाचीच आवड असेल तर अल्कोहोल घ्या, मी अडवणार नाही. फक्त जुलैत यातलं काहीच सुरू करू नका. तेव्हाची बुरशी अन्नात घातलेल्या बुरशीरोधक प्रोपियॉनिक अ‍ॅसिडलाही जुमानत नाही.